बांगड्या काचेच्या ऐकू आल्या पाहिजेत

आमच्या घरात जुन्या वायरींचा एक ड्रॉवर आहे. त्यातली एक वायर ओढली की तिच्यामागून सात वायरी येतात, दोन जॅक येतात आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला टेस्टरही येतो. आमच्या होम थिएटरच्या किश्शांचं अगदी तसंच झालंय. पाहुण्याने सहज विचारावं, "काय हो, हे स्पीकर कुठले?" की माझी बायको सुलभा उठून चहाचं आधण ठेवते. हा माणूस आता तासभर थांबत नाही, हे तिला पाठ झालंय.

तर गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी, म्हणजे वसंता, रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटवर होतो. कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमीला नुकतंच घर झालं होतं आणि घराला चक्क हॉल होता! माझ्याच शिफ्टला महाद्या होता, फिटर, पेणच्या खाडीकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं. आणि त्याचा शाळासोबती दिन्या, जोह्याला गणपतीचा कारखाना असलेला. महाद्याने कुठूनसं एक फाटकं इंग्रजी मासिक पैदा केलं. त्यात चित्र होतं: पुढे तीन स्पीकर, मागे दोन, मध्ये रिसीव्हर आणि खुर्चीत पाय पसरून बसलेला एक गोरा. बस्स! आम्हा तिघांच्याही डोक्यात ते चित्र जे शिरलं ते शिरलंच.

पण चित्रातला गोरा सुखी होता. त्याला अष्टमकरकाकांकडून सेट पास करून घ्यायचा नव्हता.

*

अष्टमकरकाकांचं पेणच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनाव आमच्या अष्टमीचं, दुकान पेणला आणि एकुलता एक मुलगा इस्रायलला. मला पाहिलं की म्हणायचे, "माझं आडनाव तिकडं तुझ्या गल्लीत ऱ्हातंय. नीट संभाळतोस ना रं?"

दुरुस्त झालेल्या सेटच्या पाठीवर काका निळ्या खडूने बरोबरची खूण करायचे. ती खूण म्हणजे पेण तालुक्यातलं शेवटचं सर्टिफिकेट! पण खूण करण्याआधी ते खणातून एक बिनलेबलची कॅसेट काढून लावायचे. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा नुसतं खर्र, खर्र, खर्र आणि मधूनच किण्‌.

"काका, ही कॅसेट खराब झालीय," मी म्हटलं.

"कान खराब झालाय तुझा. खोबरं खवतायत."

मुलगा परदेशी निघाला तेव्हा काकांच्या घरी मलिदा झाला होता. त्यांच्यात नवसाला तो करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि वर फळं. काकांनी त्या दिवशी नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला आणि दोन माइक लावले, एक काकूंच्या खवणीपाशी आणि एक स्वयंपाकघराच्या दारात. मुलाला आईचा आवाज पाठवायचा होता.

"आन ती बया तासभर गप!" काका सांगायचे. "यंत्र बघितलं का तोंडाला कुलूप. जवळ जाऊन सांगितलं, बोल गो काय तरी. तर मानेनंच नाय म्हणाली. नुस्त्या बांगड्या वाजल्या."

पुढे दोन वर्षांत काकू गेल्या. मागे राहिल्या त्या बांगड्याच. त्यामुळे काकांचा नियम साधा होता. "बांगड्या काचेच्या ऐकू आल्या पायजेत. पलास्टिकच्या वाटल्या का स्पीकर फेल."

त्या उन्हाळ्यात काकांनी सांगितलं, की मुलगा कायमचं बोलावतोय, दिवाळीनंतर जायचं. दुकानात एकदम शांतता पसरली. मला असं कोणी गप्प झालेलं सहन होत नाही. मी बोलून गेलो, "काका, जायच्या आधी माझ्या हॉलमध्ये तुमच्या बांगड्या काचेच्या वाजवून दाखवतो! आजवर ऐकल्या नसतील अशा!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हातातला खडू पुन्हा खिशात ठेवला. "सा म्हयने हायत तुझ्याकडं," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर महाद्या म्हणाला, "वसंता, आपल्याकडं आज घडीला एक मासिक हाय. फाटकं."

*

मे महिन्यात आम्ही काकांना घेऊन मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडवर एक एसी शोरूम होती. सेल्समन टाय लावलेला. त्याने आम्हाला सोफ्यावर बसवलं, दिवे मंद केले आणि असं काही हेलिकॉप्टर उडवलं म्हणता, की दिन्या वाकलाच! मी तर तिथल्या तिथे सगळं घ्यायला तयार होतो.

काकांनी खिशातून कॅसेट काढली. "अब ये लगाव."

खर्र, खर्र, खर्र, किण्‌. सगळी शोरूम ऐकायला लागली. सेल्समनने टायची गाठ सैल केली. "अंकल, ये क्या है?"

"नारियल है."

"म्युझिक कब आएगा?"

"यही है. चूडी सुनो. तुम्हारे स्पीकर में चूडी प्लास्टिक का है."

सेल्समन बिचारा इरेला पेटला. त्याने दुसरी जोडी लावली, तिसरी लावली, माणसाच्या उंचीची एक जोडी आतून ढकलत आणली. काका मान हलवत गेले. सात जोड्या झाल्या. शेवटी काउंटरवरच्या बाई कंटाळल्या. त्या उठून आल्या आणि सेल्समनला खरी बांगडी कशी वाजते ते कळावं म्हणून त्यांनी काकांच्या कानाशी आपला हात हलवला.

काकांचा चेहरा उजळला. "ह्या पास! बाकी सगळी शोरूम फेल."

त्या दिवशी आम्ही शोरूममधून रिकाम्या हातांनी बाहेर पडलो. पण फुटपाथवर एकजण नुसते स्पीकर विकायला बसला होता, पेट्या नसलेले, जिलब्यांसारखे एकावर एक रचलेले. काका उकिडवे बसले आणि एकेकाचा कागद अंगठ्याने हलकेच दाबत, कानाशी नेत, अर्ध्या तासात त्यांनी सहा निवडले. "पेट्या आपण करू," ते म्हणाले. पेट्या कुणी करायच्या, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

*

पेट्यांच्या आधी महाद्याने स्टँड केले. मासिकात लिहिलं होतं, की स्टँड जड हवा, लोखंडी पाइप घ्यावा आणि त्यात कोरडी वाळू भरावी. पाइपला खाली-वर पट्ट्या मारून महाद्याने दोन सुरेख स्टँड आणले. उचलायला दोघं लागलो.

"वाळू कुठून आणलीस रे?" मी विचारलं.

"वाळू कशाला पायजे? घरचं मीठ हाय की! वाळूपेक्षा बारीक, ठासून बसतं. आजाच्या टायमाचा माल हाय."

कल्पना मला इतकी आवडली की मी त्याला मिठीच मारली. मेमध्ये स्टँड असे उभे होते जणू जमिनीतून उगवलेत. मग जून आला.

एका सकाळी सुलभाने स्टँडखाली पाणी पाहिलं. पुसलं. दुपारी पुन्हा पाणी. तिला वाटलं स्लॅब गळतोय, म्हणून तिने वर बघितलं. स्लॅब कोरडा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा ओघळ सोफ्याखालून निघून उंबऱ्यापर्यंत पोचला आणि शेजाऱ्यांची मांजर तो चाटत बसली. आठव्या दिवशी उजव्या स्टँडने मान टाकली आणि त्याच्यावर ठेवलेली फुलदाणी घेऊन तो सोफ्यावर निजला!

महाद्याच्या आईला हे कळलं तेव्हा ती खास पेणहून अष्टमीला आली, लेकाला बोलायला. हॉलच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "पावसात मिठावर झाप घालावं लागतं येवढं बी ठावं नाय? आन तू मिठागरवाल्याचा पोर? तुज्या आजानं बघितलं असतं तर तुलाच पायपात भरला असता!"

महाद्याने त्याच संध्याकाळी वाळू आणली. कुंडलिकेची. गुपचूप.

*

पेट्यांचा प्रश्न दिन्याने सोडवला. तो म्हणाला, "पेटी जड पायजे, आतनं भरीव पायजे, थरथरली नाय पायजे. मंग लाकूड कशाला? प्लास्टर मारू!"

जोह्याच्या त्यांच्या कारखान्यात पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. ओळीने गणपती वाळत असतात आणि बल्ब पेटवून हवा गरम ठेवलेली असते. चौकोनी साचा काही त्याच्याकडे नव्हता. होता तो सिंहासनाचा. त्याने त्यातच काथ्या आणि प्लास्टर घालून तीन पेट्या काढल्या. तीन सिंहासनं! प्रत्येकाला दोन सिंह, वर मोराचा पिसारा, आणि जिथे बाप्पा टेकून बसायचे तिथे स्पीकरसाठी गोल भोक.

काकांना घेऊन आम्ही जोह्याला गेलो. त्यांनी पेटीला बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. आमचा जीव टांगणीला.

"वाजत नाय," काका म्हणाले.

दिन्याचं तोंड उतरलं.

"येडा रं येडा! डबा वाजत नाय तेच बरं हाय. डबा गप ऱ्हायला तर स्पीकर बोलंल ना!"

आम्ही तिथेच नाचायचे बाकी राहिलो. तेवढ्यात घाटावरच्या कुठल्याशा मंडळाचे चार कार्यकर्ते मूर्ती बघायला आले. त्यांची नजर आमच्या पेटीवर गेली. "हे सिंहासन वेगळंय की! भोक कशाला पाडलंय याला?"

"आवाज यायला," दिन्या खरं तेच बोलला.

कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण पुढे झाला. "म्हणजे बाप्पाच्या मागनं आवाज येणार? आम्हाला द्या एक! नाही, दोन द्या!" त्यांच्या मागोमाग आलेल्यांनीही तेच मागितलं. संध्याकाळी दिन्याचे वडील कारखान्यातून ओरडताना मी स्वतः ऐकलेत: "दिन्या, सोंडा ऱ्हाव दे! आधी भोका पाड!"

*

मग रिसीव्हर. पनवेलला एक बोटीवर नोकरी करणारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे परदेशातून आणलेले दोन विकायला होते. काका आले नाहीत, पण त्यांनी निघताना बजावलं, "दिवं मोजू नको. वजन बघ. जड आसंल तो खरा."

तिथे गेलो आणि माझा तोल गेला. एका रिसीव्हरवर इतके दिवे होते की बस्स! निळे, हिरवे, वरखाली नाचणारे. दुसरा काळा, मुखदुर्बळ, एक मोठी कळ आणि एकच लाल ठिपका. मी दिव्यांवरून हात फिरवत असताना दिन्याने दोन्ही उचलून पाहिले. गणपती उचलायची सवय. त्याला वजनात कुणी फसवू शकत नाही. दिव्यांचा सेट त्याने एका हाताने खाली ठेवला. "पोकळ हाय." काळा त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला. "ह्यो भरीव."

परतताना पॅसेंजरला बसलो. रिसीव्हर दिन्याच्या मांडीवर. आता जोह्याच्या माणसाची सवय अशी, की मांडीवर मोलाची वस्तू आली की तिच्या तोंडावर रुमाल टाकायचा. दिन्याने टाकला. त्यात महिना श्रावण! जिते स्टेशनवर एक म्हातारी चढली. तिने पाहिलं, चपला काढल्या, लांबूनच हात जोडले आणि स्वतःचं बोचकं खाली ठेवून बाकावर रिसीव्हरसाठी जागा करून दिली. दिन्याने रिसीव्हर तिथे नीट टेकवला. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पण मला राहवेना हो! एवढी मोठी खरेदी, आणि ती मोठी कळ अजून नीट फिरवूनही पाहिली नव्हती. मी हळूच रुमालाचं टोक उचललं, तर म्हातारीने फाडकन माझ्या हातावर मारली. "घरी गेल्याबिगर तोंड बघू नको, मेल्या! येवढी कसली घाई?"

पेणपर्यंत मी माझाच रिसीव्हर पाहू शकलो नाही. तिथे म्हातारी उतरली. उतरताना तिने दिन्याला हळूच विचारलं, "सोंड डावी हाय का उजवी?"

"बाय, ह्याला दोन्हीकडं हाय," दिन्या हात जोडून म्हणाला. "लेफ्ट बी आन राइट बी."

*

पुढचे तीन स्पीकर लागले. मागच्या दोघांवरून घरात युद्ध पेटलं. मासिकाप्रमाणे ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर हवेत. सुलभाप्रमाणे तिथे कपाट आहे आणि कपाट हलणार नाही.

महाद्याने तिला शास्त्र समजावायला घेतलं. "वैनी, गाण्यात दोन बाजू असतात. दोन्हीकडं जे सारखं असतं ते पुढनं येतं. ज्याच्यात फरक असतो ते ह्यो रिसीव्हर वेगळं काढतो आन मागनं सोडतो. पुढच्या गोंगाटाखाली दडलेलं बी मागनं सुटं ऐकू येतं. म्हणून मागनं आवाज यायलाच पायजे."

सुलभा शांतपणे लसूण सोलत होती. "मागून आवाज यायला हवा ना? मग मी आहे की!"

दिन्या हसून हसून भिंतीला टेकला. तह असा झाला, की मागचे दोन्ही स्पीकर स्वयंपाकघराच्या दारावर, चौकटीच्या वर बसवायचे. तिच्या हद्दीत, पण तिच्या कामात न येता. स्पीकर मात्र आमच्याकडे उरले नव्हते. फुटपाथवरच्या सहातले तीन महाद्याने जोडणीचे प्रयोग करताना जाळले होते.

तोवर काकांचं दुकान आवरायला लागलं होतं. त्यांनी स्वतःच्या घरातले दोन जुने रेडिओ उघडले, त्यांतले स्पीकर काढले आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. "आमच्या सैपाकघरात ह्योच रेडियो असायचा," ते म्हणाले. "तिकडं न्हेऊन काय करू? तुझ्या दारावर लाव." बोटीच्या तिकिटासारखं घट्ट धरून ते फडकं मी बसमधून अष्टमीला आणलं.

*

दिवाळी झाली. सोमवारी काकांचा प्रवास. शुक्रवारी दुपारी ते परीक्षेला अष्टमीला आले. पुलावरून येताना थांबून नदीकडे बघत होते, असं दिन्या म्हणाला.

मी माझा टेपडेक जोडला, तो आठ वर्षांचा, काकांनीच एकदा दुरुस्त केलेला. एक गाण्यांची कॅसेट घालून बटण दाबलं. पुढे आवाज आला, असा स्वच्छ की मी उडालोच! पण मागे? ठार शांतता. चौकटीवरचे दोन्ही स्पीकर मुके. महाद्या शिडीवर चढला, मी रिसीव्हरच्या मागे शिरलो, दिन्या वायरी मोजायला लागला. असं करता करता तीन तास गेले. काका अधूनमधून खिडकीबाहेर बघत होते.

एकाएकी ते उठले. "बास. सूर्य गेला."

"काका, पाच मिनिटं!"

"आमच्यात सूर्य बुडाला का विसाव्याचा शनवार लागतो, वसंता. यंत्राला हात नाय, कान बी नाय."

"मग उद्या संध्याकाळी?"

"उद्या रात्री सामान बांधायचं. परवा सकाळी येतो. त्येच्यानंतर मला टाइम नाय." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. उंबऱ्यात वळून चौकटीवरच्या आपल्या रेडिओच्या स्पीकरकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला रडूच कोसळायचं बाकी होतं, खोटं कशाला सांगू!

*

शनिवारी मी आणि महाद्याने कंपनीत रजा टाकली, दिन्याही सकाळीच आला. रिसीव्हर ठीक. वायरी ठीक. स्पीकर ठीक. दुपारी एकला महाद्याने वैतागून टेपडेकच उघडला आणि आत बघून त्याने आम्हाला जवळ बोलावलं.

आत डाव्या आणि उजव्या बाजूच्या तारा एकत्र करून सोल्डरच्या एका टाक्याने जोडलेल्या होत्या. एक बाजू बंद पडली म्हणून कुणीतरी दोन्ही एक करून टाकल्या होत्या. दोन्हीकडे सगळं सारखंच! मग फरक कुठून येणार, आणि रिसीव्हर मागे काय सोडणार, कपाळ?

टाका ओळखीचा होता. मी डेक उलटा केला. पाठीवर निळी खूण होती.

बंद पडलेली बाजू दुरुस्त करून, तारा वेगळ्या करून आम्ही डेक जोडला आणि मागचे स्पीकर बोलायला लागले. पण काकांची कॅसेट काकांकडे होती, त्यामुळे खरी परीक्षा बाकीच होती.

रविवारी सकाळी काका आले. आम्ही तो तुटका टाका त्यांना दाखवला.

"कुठल्या गाढवानं क्येलं ह्ये?" काका कडाडले.

महाद्या छताकडे बघायला लागला. दिन्याला अचानक खोकला आला. मी डेक उचलून त्यांच्यापुढे पाठ केली.

काकांनी चष्मा वर केला. निळी खूण पाहिली. मग अंगठ्याला थुंकी लावून ती खूण पुसून टाकली.

"फेल," ते म्हणाले. "मास्तरच फेल."

*

मग आम्ही काकांना हॉलच्या मधोमध खुर्चीत बसवलं. समोर तीन सोनेरी सिंहासनं, सहा सिंह. आत सुलभा जेवणाला लागली होती. काकांनी खिशातून ती बिनलेबलची कॅसेट काढून माझ्या हातात दिली. मी ती डेकमध्ये सरकवली.

खर्र, खर्र, खर्र. खवणी समोर, अगदी समोर! हात पुढे केला असता तर खोबऱ्याचा कीस लागला असता. आणि मग किण्‌. डावीकडून उजवीकडे गेलेली, एकमेकींवर आपटलेली काच. साफ काच! दिन्याने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. आम्ही तिघेही काकांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी डोळे मिटले होते. मानेने हो नाही, की नाही नाही. हात तसाच खिशातल्या खडूवर.

टेप पुढे सरकत होती. खर्र, खर्र, किण्‌, किण्‌.

आणि आमच्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या दारातून एका बाईचा आवाज आला, जरा वैतागलेला, जरा हसणारा.

"अहो, पुरे झालं आता त्या यंत्राचं. पोहे भिजले. हात धुवून या."

"आलो गो!" काका म्हणाले.

उठले. आमच्यामधून वाट काढत तडक मोरीकडे गेले. आतून नळाचा आवाज यायला लागला.

सुलभा हातात डाव घेऊन दारात आली. "मी नाही हाक मारली," ती हळूच म्हणाली. समोर खर्र, खर्र चालूच होतं.

नळ बराच वेळ वाहत होता. मग काका बाहेर आले, बाह्या वर सारलेल्या, कोपरांपर्यंत ओले. चौकटीखाली उभे राहिले आणि मान वर करून आपल्या स्पीकरांकडे पाहत त्यांनी खिशातला निळा खडू दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला.

"तू कर रं खूण, वसंता. माझं हात ओलं हायत."